मॅव्हिसच्या हाताला झेपेल अशी कॉइल

नेव्हिल लार्टरच्या स्वयंपाकघरात एक छोटा काटा होता. त्याची बायको मॅव्हिस त्याच्यावर केकचं पीठ तोलायची. त्या वर्षीच्या मार्चपासून नेव्हिल त्याच्यावर कॉइली तोलायला लागला.

कॉइल म्हणजे जमिनीतला धातू शोधणाऱ्या डिटेक्टर यंत्राच्या दांड्याला खालच्या टोकाशी असलेली थाळी, जमिनीवरून इकडून तिकडे फिरते ती. जुनी नाणी शोधणाऱ्यांचा सगळा जीव त्या थाळीत अडकलेला असतो. मोठी थाळी खोलवरचं ऐकते आणि एका फेरीत पुष्कळ जमीन उरकते. पण ती जड, आणि दहा गंजके खिळे नि एक चांदीचं नाणं शेजारी शेजारी पडलेलं असलं की तिला सगळ्यांचा मिळून एकच कालवा ऐकू येतो. छोटी थाळी फार खोल जात नाही, पण गर्दीतून आपलं माणूस हुडकावं तसं नाणं हुडकते. कुठल्या शेताला कुठली थाळी, यावरून थॉर्पहॅमच्या नाणीवाल्यांच्या मंडळात वीस वर्षं भांडण चालू होतं. दर मंगळवारी संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत ते नव्याने सुरू व्हायचं. टेरी पेग म्हणायचा, मोठ्या थाळीशिवाय शेतात पाऊल टाकणारा माणूस शहाणा नव्हे. मॅव्हिस म्हणायची, "टेरी, तुला थाळी मोठीच लागते, ती जेवणाची असो नाहीतर कसली."

नेव्हिलने साखर कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती, बीटचा रस घुसळणाऱ्या यंत्रांच्या पायाशी. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्याला घड्याळ दिलं आणि कान ठेवून घेतले. म्हणजे ऐकू यायचं, पण बारीक, उंच सूर गळून गेले होते. पाखरांचं चिवचिवणं गेलं, किटलीची शिट्टी गेली. थाळीखाली धातू आला की यंत्र हेडफोनमध्ये सूर काढतं, आणि चांदीचा सूर नेमका उंच असतो. यंत्राचा सूर खाली उतरवता यायचा, पण मग त्याला लोखंड आणि चांदी सख्ख्या बहिणींसारखी वाटायला लागायची.

मॅव्हिसचं उलट होतं. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजवर होती. दोन तारांची खरखर ऐकून कुठल्या गावाची लाइन बिघडली ते सांगायची. एक्स्चेंज बंद झालं तशी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, पण कान तसेच राहिले. शेतात दोघांची दोन यंत्रं असायची, तरी नेव्हिल दर दहा पावलांनी हाक मारायचाच.

"मॅव्ह, जरा ऐक गं हे."

ती हेडफोन एका कानाला लावायची, तोंड वाकडं करायची. "खिळा."

"नक्की?"

"नाल असेल फार तर. नेव्ह, तू कानात बोळे घालूनच जन्माला आलास बघ."

किंवा मग नुसतं म्हणायची, "खण." आणि तो गुडघ्यावर बसायचा. सव्वीस वर्षांत त्या 'खण'मधून पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातली नाणी निघाली, रोमनांची हिरवी पडलेली चिल्लर निघाली, हातोड्याने ठोकून पाडलेले चांदीचे पेनी निघाले. प्रत्येकासाठी तिने कापसाची गादी करून कपाटाच्या चपट्या खणात जागा केली होती.

चर्चच्या मागे उटिंगचं शेत होतं. तिथे कधीकाळी जत्रा भरायची. ते शेत आता संपलं, असं सगळं मंडळ म्हणायचं. मॅव्हिसला ते पटत नव्हतं. "वरचं संपलंय. खालचं कुणी ऐकलंय?" असं ती म्हणायची. म्हणून तिच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला नेव्हिलने तिला पंधरा इंची कॉइल आणून दिली. तिने ती खोक्यातून काढून पोटाशी धरली आणि म्हणाली, "इतकी वर्षं फुलं आणून कशाला रे फुकट घालवलीस?"

मार्चमध्ये उटिंगच्या शेतात गहू उभा होता, पण शेजारच्या शेतात, बीटच्या पेरणीआधी, जमीन मोकळी होती. नेव्हिल तिच्या मागे वीस पावलांवर होता. आपलं यंत्र फिरवता फिरवता त्याचं लक्ष तिच्या थाळीकडे गेलं. थाळी कशी, जमिनीला घासू न देता सारख्या उंचीवर फिरली पाहिजे. मॅव्हिसची थाळी म्हणजे इस्त्री फिरवावी तशी फिरायची. त्या दिवशी प्रत्येक फेरीच्या शेवटी ती आधी उचलली जायची आणि मग ढेकळांवर आपटायची.

"उचलतेयस तू, मॅव्ह."

"जड आहे रे."

जड होतीच ती. नेव्हिलला स्वतःचाच राग आला. हौसेपायी आपण बायकोच्या हाताचा विचार केला नाही, असं त्याला वाटलं. त्याच आठवड्यात तो अकरा इंची घेऊन आला.

एप्रिलमध्ये अकराही आपटायला लागली. मग त्याने बॅटरीचा डबा दांड्याच्या वरच्या टोकाला, कोपरामागे नेला, म्हणजे तोल साधेल. खांद्यावरून पट्टा घेतला. जूनमध्ये कुरणात जायचं म्हणून नऊ इंची आणली. रोज सकाळी चहा झाला की तो काटा पुढे ओढायचा, थाळी ठेवायचा, तिचं झाकण काढून पुन्हा ठेवायचा, तारेची गुंडाळी सोडून पुन्हा ठेवायचा आणि आकडे पाकिटाच्या पाठीवर लिहायचा. ते करताना शीळ घालायचा. मॅव्हिस समोर बसून बघायची. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा.

दुकानदार रॉय त्याला ओळखून होता. "लोक छोटीवरून मोठीवर जातात, नेव्हिल. तू उलटा चाललायस. पुढच्या खेपेला कपाखालची बशी देऊ का?"

"हलकी पाहिजे. पण खोल जाणारी. आणि खिळ्यांतून नाणं निवडणारी."

"हलकी, खोल आणि निवडणारी! तशी असती तर मी इथे तुझ्याशी बोलत उभा राहिलो असतो होय? शेतात नसतो गेलो?"

नेव्हिल हसला आणि सहा इंची घेऊन घरी आला. आता प्रश्न मिटला, अशी त्याची खात्री होती. सहा इंची म्हणजे हातात असून नसल्यासारखीच.

ऑगस्टमध्ये गहू कापून झाला. दोघं उटिंगच्या शेतात गेली. सकाळचे दहा वाजले असतील. मॅव्हिसने यंत्र हातात घेतलं, चार फेऱ्या मारल्या, आणि दांडा तिच्या मुठीतून सुटून खाली पडला. तिने तो उचलायला हात पुढे केला, तर बोटं दांड्याभोवती मिटेनात.

नेव्हिल धावत आला. "चार इंची मिळते का बघतो. परदेशातून मागवायला लागेल, पण मिळेल. रॉयला आजच—"

"नेव्ह. खाली बस."

पेंढ्याचे गठ्ठे पडले होते. एकावर ती बसली, शेजारी तो.

"हे कॉइलचं नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"एप्रिलमध्ये मी नॉर्विचला कोट घ्यायला गेले होते, आठवतंय?"

"निळा."

"कोट वीस मिनिटांत घेतला. बाकीचा दिवस इस्पितळात होते. त्याच्या आधी आपल्या डॉक्टरांकडेही दोनदा जाऊन आले होते." ती समोर चर्चच्या मनोऱ्याकडे बघत बोलत होती. "हाताला हुकूम सोडणाऱ्या नसा असतात ना, त्या मरत चालल्यात. आधी हा हात. मग तो. मग पाय, मग बोलणं. औषध असं नाही त्याच्यावर."

नेव्हिलने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "एप्रिल? एप्रिलपासून तू मला कॉइली तोलू देतेस?"

"तू शीळ घालायचास."

"काय?"

"काटा घेऊन बसलास की शीळ घालायचास. सापडेल, जमेल, असं तोंड व्हायचं तुझं. मला वाटायचं, सांगू उद्या. अजून एक कॉइल होऊ दे."

तो ताडकन उठला. "मला येडा समजलीस? मी त्या रॉयसमोर... मी तुला दम दिला, मॅव्ह! मे महिन्यात! नीट धर म्हणालो, आळस करतेस म्हणालो!"

"दिलास ना. बरं वाटलं मला. आजारी बाईला कोण दम देतं?"

तो तिथून निघाला. तरातरा चालत शेताच्या पार टोकाला, कुंपणाच्या झुडपांपर्यंत गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. गाडीत बसावं आणि कुठेतरी निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. किती वेळ गेला कोण जाणे. त्याने वळून पाहिलं, तर मॅव्हिस गठ्ठ्यावरून उठायचा प्रयत्न करत होती. डावा हात टेकून थोडी वर व्हायची आणि पुन्हा बसायची. तिला उठता येत नव्हतं, आणि तिने हाकही मारली नव्हती. नेव्हिल एवढ्या मोठ्या शेतातून पळत आला. सत्तरीचा माणूस, कापलेल्या गव्हाच्या खुंटांत दोनदा धडपडला. त्याने तिला काखेत धरून उठवलं.

पुढच्या शिमग्यापर्यंत म्हणावं तर त्यांच्याकडे शिमगा नाही. पण वसंत येईतो तिचा डावा हात गेला. दुसऱ्या वर्षीच्या कापणीपर्यंत पाय गेले आणि बोलणं नुसत्या हुंकारांवर आलं. अक्षरांची एक पाटी मिळाली होती. नेव्हिल पाटी धरायचा आणि ती नजरेने एकेक अक्षर दाखवायची.

त्याच पाटीवर एका सकाळी तिने 'शेत' हा शब्द जुळवला.

नेव्हिलला वाटलं, तिला नुसती हवा खायची आहे. तसं नव्हतं. हेडफोनची दुसरी जोडी आणायची, एकाच यंत्राचा आवाज दोघांच्या कानात जाईल अशी. तो यंत्र फिरवणार, ती ऐकणार. डोळे मिटून धरले तर 'खण'. उघडे राहिले तर पुढे चल. एवढं सांगायला तिला अर्धा दिवस लागला.

शेतमालक उटिंग फार न बोलणारा माणूस. नेव्हिलने खुर्ची शेतात न्यायची परवानगी मागितली, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. पण त्या सप्टेंबरात सगळं शेत पेरलं गेलं आणि चर्चच्या मागची पट्टी, जत्रेची जागा, मोकळीच राहिली. कडेने फळ्या टाकून चाकाच्या खुर्चीसाठी वाटही केलेली होती.

"एवढी पट्टी कशी राहिली, मिस्टर उटिंग?"

"पेरणीयंत्र बिघडलं," उटिंग म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला.

ऑक्टोबरच्या एका कोरड्या दुपारी दोघं तिथे गेली. मॅव्हिसच्या अंगावर दोन शाली आणि तो निळा कोट होता. नेव्हिलने यंत्राला पंधरा इंची लावून आणली होती.

"आता हात माझा आहे," तो म्हणाला. "जड बिड काही नाही. तुला खालचं ऐकायचं होतं ना? ऐक."

तिने डोळे पाटीकडे वळवले. पाटीच्या खालच्या ओळीत आकडे होते. तिने सहावर नजर रोखली आणि पापणीही हलवेना.

"अगं, सहा इंची इथे काय ऐकणार? तूच म्हणायचीस ना, खालचं?"

सहा.

"वाढदिवसाची आहे ही. एकदा तरी नीट वापरू या."

सहा. आणि मग तिने भुवया अशा उंचावल्या की नेव्हिलला तिचा टेलिफोनवरचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. तो पुटपुटत गाडीकडे गेला आणि कॉइल बदलून आला. जत्रेची जागा म्हणजे शेकडो वर्षांचे तंबूचे खुंट, घोड्यांच्या नाला, खिळे. इथे मोठी थाळी नुसती बहिरी होते, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही होतं. पण वाढदिवसाच्या कॉइलचं त्याला वाईट वाटत होतं.

तासभर खरखरीशिवाय काही नव्हतं. मग तिचे डोळे मिटले.

नेव्हिलने थाळी तिथेच पुन्हा फिरवली. त्याच्या कानात लोखंड, निव्वळ लोखंड. तरी त्याने खणलं. वाकडा खिळा निघाला. तो तिच्या नाकासमोर धरून म्हणाला, "घ्या बाईसाहेब. टेलिफोनवाल्यांचेही कान गेले म्हणायचे."

तिचे खांदे हलले. ती हसत होती. पण डोळे तिने पुन्हा मिटून घेतले.

"त्याच खड्ड्यात?"

डोळे मिटलेलेच.

त्याने दुसऱ्या बाजूने येऊन, आडवी थाळी फिरवली. काही नाही. आणखी वीतभर खाली गेला. मातीच्या ढेकळात काहीतरी चमकलं. त्याने थुंकी लावून अंगठ्याने पुसलं. चांदीचा अर्धा पेनी होता. पूर्वी सुटे हवे असले की अख्खं नाणं त्याच्यावर छापलेल्या क्रुसाच्या रेघेवर कापायचे, त्यातलाच हा अर्धा, नखाएवढा पातळ. त्याच्यावर अर्ध्या राजाचं अर्धं तोंड.

तो खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्या रोगात हात हलत नाहीत, पण स्पर्श कळतो. त्याने तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला, तिची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली आणि वरून आपली मूठ धरली. मॅव्हिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून लाळ गळत होती आणि ती हसत होती. त्याने दोन्ही पुसलं.

मग तिने नजरेने पाटी मागितली. दोनच अक्षरं दाखवली. 'शिक.'

"काय शिकू?"

तिने त्याच्या हेडफोनकडे बघितलं.

"मला कशाला? तू आहेस ना," नेव्हिल म्हणाला.

मॅव्हिसने नजर त्याच्यावरून काढली आणि कुंपणाच्या झुडपांकडे बघत राहिली. घरी जाईपर्यंत तिने पाटीकडे पाहिलं नाही.

फेब्रुवारीत, एका दुपारी, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. नेव्हिल भांडी धूत होता. तिचा श्वास थांबल्याचं त्याला ऐकू आलं नाही. पुढे किती दिवस तो तेवढंच सांगत होता. विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही म्हणायचा, "मला ऐकू आलं नाही."

सप्टेंबरमध्ये तो एकटा उटिंगच्या शेतात गेला. सहा इंची लावली. पहिल्या सुराला थांबला, डोळे मिटले आणि मन लावून ऐकलं. खणलं, तर खिळा. दुसरा सूर जरा वेगळा वाटला, तोही खिळाच. दोन्ही खिसे भरले. तिचं ते 'शिक' कानात घुमत होतं. सव्वीस वर्षं शेजारी उभी होती, तेव्हाच शिकायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं. ती सांगायची म्हणून आपण कधी ऐकलंच नाही.

उटिंग ट्रॅक्टर बांधाशी थांबवून खाली उतरला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"पेरणीयंत्र नीट चाललंय यंदा?" नेव्हिलने विचारलं.

"चाललंय." त्याने हातातली टोपी फिरवली. "तू म्हणत असशील तर बिघडेल परत."

नेव्हिलने त्या पट्टीवरून एकदा नजर फिरवली. "नको, मिस्टर उटिंग. पेरा."

उटिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी ती पट्टी नांगरली गेली.

नेव्हिलने मग यंत्र उचललं नाही. मंडळात मात्र टेरीने त्याला यायला लावलं. टेरी दर मंगळवारी दाराशी गाडी उभी करायचा आणि तो बाहेर येईतो हॉर्न वाजवायचा. "तुला ऐकू येत नाही म्हणून जास्त वाजवतो," म्हणायचा. नेव्हिल कोपऱ्यात बसायचा, चहा ओतायचा, कुणी नाणं दाखवलं की बघून परत द्यायचा.

जानेवारीत जोसी नावाची एक नवीन बाई आली. पंचेचाळिशीची, हसरी, पोस्टात काम करणारी. चहा घेताना तिने सगळ्यांना विचारलं, "मला एक सांगा हं. माझी अकरा इंची आहे. दुपारपर्यंत हात असा भरून येतो की पकडच राहत नाही. हलकी कुठली घेऊ?"

झालं. सगळ्यांना तेच हवं होतं. एक म्हणाला नऊ घे, एक म्हणाला दांडा बदल. टेरी म्हणाला, "कॉइल सोड, आधी बाहू कमाव." हशा पिकला.

"वस्तू पडतात का हातातून?"

नेव्हिल उभा राहिला होता. त्याचा आवाज इतका चढला होता की सगळे त्याच्याकडे वळले.

"म्हणजे?" जोसी म्हणाली.

"कप. किल्ल्या. हातातून सुटतात का? बटणं लावता येतात का? कधीपासून होतंय हे?"

"अहो, एवढं काही नाही—"

"कॉइल घेऊ नकोस! कुठलीच घेऊ नकोस. उद्या डॉक्टरकडे जा. एकटी जाऊ नकोस, घरातल्यांना सांगून जा. आधी सांग त्यांना, ऐकलंस? मी चार घेतल्या. चार कॉइली घेतल्या मी!"

जोसीचा चेहरा पांढरा पडला. ती हळूच म्हणाली, "मी दाखवून आलेय, मिस्टर लार्टर. डिसेंबरात पार्सलं फार उचलली. कोपराचा स्नायू दुखावलाय. एक महिन्यात बरा होईल म्हणाले. माझा नवरा होता बरोबर."

"बरं," नेव्हिल म्हणाला. "बरं, बरं. मग नऊ घे. नऊ चांगली." त्याने खुर्चीच्या पाठीवरून कोट घेतला, बाही सापडेना म्हणून तसाच हातात धरला आणि बाहेर पडला.

टेरी मागोमाग गेला. नेव्हिल त्याच्या गाडीत, पुढच्या सीटवर बसला होता. मॅव्हिस गेल्यापासून, अगदी तिला पुरतानाही, तो रडला नव्हता. आता दोन्ही हातांत तोंड धरून रडत होता, लहान मुलासारखा, आवाज करून. तो आवाज किती मोठा आहे, ते त्याला कळत नसावं. पबच्या खिडकीतून दोघातिघांनी डोकावून पाहिलं आणि पडदा सोडला.

टेरी पलीकडच्या बाजूने आत बसला. त्याने गाडी सुरू केली नाही. काचा आतून धुरकटत गेल्या.

बऱ्याच वेळाने नेव्हिल म्हणाला, "चांगलं आहे ना रे तिचं? कोपर आहे नुसतं."

"कोपरच आहे," टेरी म्हणाला.

"नवरा होता बरोबर."

"होता."

नेव्हिलने मान हलवली आणि पुन्हा रडायला लागला.